तीन मापारी आणि एक गोणी

लोणारच्या सरोवरातून खार काढण्याचा मक्ता एका माणसाकडे होता, तेव्हाची ही गोष्ट. गोष्ट रचलेली आहे, खार मात्र खरा. लोणारच्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, अशी नोंद आइन-ए-अकबरीत आहे, आणि वऱ्हाडच्या जुन्या नोंदींत या खाराचे प्रकार नावांनिशी सापडतात: डल्ला, पापडी, भुसकी. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठच्या चिखलावर पांढरा थर धरायचा. बाया तो खरवडत, वाळवत आणि टोपल्यांत भरून मापाच्या चौथऱ्यावर आणून ओतत. जितक्या पायल्या, तितकी रोजी.

चौथरे तीन होते: पूर्वेला, उत्तरेला आणि पश्चिमेला. प्रत्येकावर एक मापारी बसे. लोणारचं विवर जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल आहे. एका चौथऱ्यावर उभं राहून दुसऱ्यावर काय चाललंय ते कळायची सोय नाही. मक्तेदार तर वर गावात, दैत्यसूदनाच्या देवळापलीकडच्या वाड्यात बसायचा. त्याच्यापर्यंत फक्त आकडे चढून येत.

हंगाम संपत आला तेव्हा पूर्वेच्या वहीत ९०० पायल्या होत्या, उत्तरेच्या वहीत हजाराच्या आसपास आणि पश्चिमेच्या वहीत ११५५. मक्तेदारानं निकाल देऊन टाकला.

“पूर्वेच्या बाया कामचोर हायेत. तिन्हीची सरासरी काढ. जे खाली असन त्याइची रोजी काप.”

हिशेब घरची सून लिहायची. तिला लिहिता येत होतं, आणि आकड्यावर संशयही घेता येत होता. दुसरा गुण जरा दुर्मीळ.

“मामाजी,” ती म्हणाली, “कापते. पण तिघांनी एकच गोष्ट मोजली काय कधी?”

“एकच कशी मोजतीन? ज्याचा चौथरा त्याचा खार.”

“मंग हा फरक खाराचा का मापाऱ्याचा, हे आपल्याले कसं कळन?”

मक्तेदाराला हा प्रश्न आवडला नाही. तीन माणसांचं म्हणणं वेगवेगळं आलं तर बेरीज करून तिनानं भागावं, त्यात चुका आपोआप जिरतात, असं त्याला वाटत होतं. बहुतेकांना वाटतं. या समजुतीला उत्तर म्हणून खुद्द लोणारचंच वय पुढं ठेवता येईल. उल्केच्या आघातात वितळून झालेल्या काचेचं वय उष्मादीप्तीच्या पद्धतीनं काढलं तेव्हा ते ५२ हजार वर्षांच्या आसपास आलं. पुढं आर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढलं तेव्हा ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास निघालं. दोन्हीची सरासरी ३ लाख ११ हजार. त्या वयावर आजवर कुणी दावा केलेला नाही, आणि कुणी करणारही नाही. दोन मोजण्यांत दहापटीचं अंतर असेल तर खरं वय त्यांच्या बरोबर मध्ये दडलेलं नसतं. निदान एका मोजणीला काहीतरी झालेलं असतं, आणि काय झालं ते शोधावं लागतं.

सून विवरात उतरली. तिन्ही चौथऱ्यांवर तिनं एकेक दिवस काढला. बोलली काहीच नाही, नुसती बसून पाहत राहिली.

पूर्वेचा मापारी जुना, देवभोळा, एका दाण्याची लबाडी न करणारा. पण तो शिगेनं मोजायचा. पायली भरली की वर टोक येईपर्यंत खार चढवायचा आणि मग एक म्हणायचा. त्याच्या बापानं तसंच मोजलं होतं. बाकी दोघं हात फिरवून सपाट मोजत.

उत्तरेच्या म्हाताऱ्याचा हात कापायचा. कधी पायली पुरी भरण्याआधीच उलटायची, कधी वर ढीग राहायचा. लबाडी त्याच्याही मनात नव्हती, आणि चूक एकाच बाजूला झुकलेलीही नव्हती.

पश्चिमेचा पोरगा तरुण आणि चपळ. सकाळी पायली धुऊन बसायचा. पण ओला खार पायलीच्या आतल्या अंगाला चिकटत जायचा, थरावर थर चढायचा, आणि संध्याकाळपर्यंत पायली आतून लहान होऊन बसायची. तितकाच खार, पण पायल्या जास्त. शिवाय कुणी बाई पायलीभराहून कमी खार घेऊन आली तर तो मोजतच नसे. वहीत लिहायचा: निरंक.

सुनेनं मग एक काम केलं, आणि या गोष्टीतली शहाणपणाची गोष्ट तीच. तिन्ही बाजूंच्या प्रत्येक ढिगातून तिनं ओंजळ ओंजळ खार घेतला, अंगणात गोणपाटावर एकत्र कालवला, वाळवला आणि सारख्या गोण्यांत भरला. घरच्या तांब्याच्या पायलीनं प्रत्येक गोणीत बरोबर २०. या गोण्या तिनं रोजच्या मालात बेमालूम मिसळून तिन्ही चौथऱ्यांवर पाठवल्या. एक सकाळी, एक दुपारी, एक दिवस कलताना. मापाऱ्यांना पत्ता नव्हता.

मक्तेदारानं टोमणा मारलाच. “आपली तांब्याची पायली खरी कशावरून?”

“नसन खरी,” सून म्हणाली. “पण तिघांच्याही म्होरं एकच माल गेला ना. पायली खोटी असली तं तिघांले सारखीच खोटी. आधी हे तिघं एकमेकांशी जुळू द्या. मंग त्याइले बाजाराच्या मापाशी जुळवू.”

पूर्वेकडून उत्तर आलं: १८, १८, १८.

उत्तरेकडं पाच गोण्या धाडल्या होत्या, कारण म्हाताऱ्याचा हात तिनं पाहिला होता. तिथून आलं: १७, २३, २०, २१, १९.

पश्चिमेकडून: सकाळी २०, दुपारी २१, सांजेला २२.

इथं जरा थांबायला हवं, कारण तिघांच्या चुका तीन जातींच्या आहेत आणि तिघांना एकच औषध चालत नाही. पूर्वेच्या मापाऱ्याला शंभर वेळा मोजायला लावलं तरी अठराच येणार. अधिक वेळा मोजणं हा त्याच्यावर उपायच नाही. उलट १८ हा आकडा पुन्हा पुन्हा आल्यानं तो जास्तच खरा वाटू लागेल. पण त्याची चूक एकदा कळली की ती संपली. त्याच्या वहीतल्या प्रत्येक १८ ला २० म्हणायचं, बस. उत्तरेच्या म्हाताऱ्याचं याच्या उलट. त्याच्या कुठल्याही एका आकड्याला अमुक इतकी दुरुस्ती अशी लावता येत नाही. पण पाच वेळची सरासरी बरोबर २० येते. त्याला एकच ढीग चारदा मोजायला लावला तर त्याच्या कापण्याचा परिणाम निम्म्यावर येतो. एकदाच मोजलेला त्याचा आकडा वहीत राहू द्यावा, पण त्याच्यावर भार कमी टाकावा. पश्चिमेच्या पोराची दुरुस्ती वेळेप्रमाणे बदलते: सकाळच्या नोंदींना काही नाही, दुपारच्यांना थोडी, सांजेच्यांना जास्त. त्याची दिवसभराची सरासरी २१ धरली तर ११५५ च्या ११०० होतात. पूर्वेच्या ९०० च्या होतात १०००.

अडीचशेहून जास्त पायल्यांचा फरक शंभरावर आला. बायांनी एक टोपलीही जास्त वाहिली नव्हती.

म्हाताऱ्याच्या कापऱ्या हाताबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहज लक्षात येत नाही. समजा, एक साबणवाला उत्तरेच्या चौथऱ्यावरून गोण्या नेतो आणि वही ठेवतो: इतक्या पायल्या खारातून इतका साबण. ज्या गोणीवर २३ लिहिलंय तिच्यात खरं तर २० च आहेत, आणि ज्या गोणीवर १७ लिहिलंय तिच्यातही २० च. दोन्हींतून साबण सारखाच निघतो. साबणवाला अनुमान काढतो की खार कमीजास्त झाल्यानं साबणाला फारसा फरक पडत नाही. खाराचा आणि साबणाचा संबंध पक्का आहे, पण कापऱ्या हातानं तो फिका करून टाकला. हात कितपत कापतो हे दुबार मोजून कळलेलं असेल, तर तो फिकेपणा किती आणि खरा संबंध किती ठळक, याचा हिशेब मागं जाऊन लावता येतो. दुबार मोजलेलं नसेल तर साबणवाल्याला त्याची चूक कुणीच दाखवू शकत नाही.

आता विवरातून जरा वर येऊ. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सगळा जिल्हा पाहायला लोटला असता, पण टाळेबंदीचे दिवस होते. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकरच्या शास्त्रज्ञांनी रंगाचा उगम शोधला: हॅलोआर्किया, म्हणजे तीव्र खारटपणात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य करणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांचं फावलं. पावसानं पाणी पातळ झाल्यावर हे जीव तळाशी बसले आणि रंग ओसरला.

हा झाला कोण आहे या प्रश्नाचा निकाल. किती आहे हा प्रश्न त्याहून चिवट. असे जीव आपल्या पेशीत काय काय बनवतात, म्हणजे बॅक्टेरिओरुबेरिनसारखं तांबूस रंगद्रव्य, साखरा, अमिनो आम्लं, मेदद्रव्यं आणि त्यांच्या शेजाऱ्यांतले काही जीवाणू खारटपणात तगण्यासाठी साठवतात ते एक्टॉइन आणि बीटेन, या शेकडो बारीक रेणूंची एका दमात मोजदाद करायची विद्या आता आहे. तिला मेटाबोलोमिक्स म्हणतात. रक्तातले असे रेणू मोजून मधुमेहाची, हृदयविकाराची चाहूल घेण्याचं कामही तिच्यावरच चालतं. आणि एका प्रयोगशाळेचे नमुने नेहमीच थोडे पडतात, म्हणून चार ठिकाणचे आकडे एकत्र करायचा मोह प्रत्येकाला होतो.

पण ही मोजदाद करणारा मास स्पेक्ट्रोमीटर ग्रॅम सांगत नाही. तो एक संकेत देतो, कमी किंवा जास्त उंचीचा. त्या उंचीचं प्रमाण यंत्रागणिक वेगळं असतं, आणि एकाच यंत्राचं दिवसागणिक. आपले तिन्ही मापारी या एका यंत्रात राहतात. दोन प्रयोगशाळांची अर्क काढायची रीत वेगळी असेल तर एकीचा आकडा कायम शिगेनं येतो. एकच नमुना दोनदा घातला तरी संकेत थोडा वरखाली होतोच. आणि पश्चिमेच्या पोराची पायली तर इथं शब्दशः हजर आहे: लोणारसारखं खारट पाणी नीट मीठ न काढता यंत्रात घातलं तर क्षार यंत्राच्या तोंडाशी साचतात आणि दिवस चढेल तसा संकेत घसरत जातो. निरंकसुद्धा आहेच. अमुक पातळीखाली यंत्राला दिसत नाही, तिथं रकाना रिकामा. एका प्रयोगशाळेची ती पातळी वर, दुसरीची खाली. दोघींचे तक्ते जोडून रिकाम्या जागी शून्य भरलं की पहिलीच्या नमुन्यांत तो रेणू नव्हताच, असा शोध लागतो! निरंकचा अर्थ इतकाच, की पायलीहून कमी. तसंच लिहावं.

चांगल्या प्रयोगशाळा सुनेचंच काम करतात. सगळ्या नमुन्यांतून थेंब थेंब घेऊन एक मिसळ तयार होते आणि दर काही नमुन्यांनंतर ती यंत्रात जाते. मिसळीचा आकडा जसा घसरेल त्या रेषेवरून आजूबाजूचे आकडे सावरले जातात. शिवाय नमुन्यात आधीच जड समस्थानिकांचे ओळखू येणारे रेणू ठरावीक मापानं टाकतात. प्रयोगशाळा-प्रयोगशाळांमधल्या फरकासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेनं शंभर माणसांच्या रक्तद्रवाची मिसळ करून गोठवून ठेवली आहे. एसआरएम १९५० असं तिचं रूक्ष नाव. जगात कुठंही रक्तातले रेणू मोजणारा तीच गोणी आपल्या चौथऱ्यावर मागवू शकतो. माझं मत विचाराल तर आकडे जोडण्याच्या संगणकी युक्त्यांवर जेवढं लिहिलं जातं त्याच्या अर्धं जरी या गोणीवर लिहिलं गेलं तरी पुष्कळ होईल. मिसळीचा नमुना एकाही ठिकाणी गेलेला नसेल, तर पुढची युक्ती कितीही देखणी असो, ती अंदाजानं चालते.

इकडं वाड्यावर मक्तेदार आता दुसऱ्या टोकाला गेला होता. सुनेची करामत त्याला इतकी पटली, की तो म्हणाला, “म्हंजे फरक सारा मापाऱ्यांचाच. मंग उरलेले शंभर कायले ठेवतं? तिन्ही चौथऱ्यांचे आकडे सारखे करून टाक. भांडणच मिटलं.”

सून म्हणाली, “मामाजी, कमळजादेवीच्या देवळापाशी सासू-सुनेची विहीर हाये ना?”

“हाये.”

“पाणी कसं तिचं?”

“एकीकडचं गोड, एकीकडचं खारट. साऱ्या गावाले ठाऊक हाये.”

“उद्या गोड बाजूचं पाणी पूर्वेच्या मापाऱ्यानं चाखलं न् खारट बाजूचं पश्चिमेच्या पोरानं. दोघांच्या सांगण्यात फरक पडला. तं तुमी म्हणसान, जिभांचा फरक हाये, दोन्ही पाणी सारखंच लिव्हा?”

मक्तेदार गप्प बसला.

“न् दोघांनी दोन्ही बाजूंचं चाखलंच नसन,” ती पुढं म्हणाली, “तं फरक पाण्याचा का जिभेचा, हे देवीलेच ठाऊक. आपल्या चौथऱ्यांचं तसंच झालं हाये. पूर्वेचा सारा माल एकानंच मोजला, पश्चिमेचा साराच दुसऱ्यानं.”

तिला आणखी एक शंका होती. मिसळीच्या गोणीतला खार कालवताना बारीक झाला होता. पूर्वेच्या काठाला मात्र डल्ल्याचे खडे जास्त येत आणि पश्चिमेला भुसकी. खड्यांवर शीग जेवढी चढते तेवढीच भुकटीवर चढेल असं नाही. म्हणजे १८ ला २० ही दुरुस्ती मिसळीपुरती खरी, पण निव्वळ डल्ल्याला ती थोडी कमी पडेल किंवा जास्त होईल. दुरुस्तीलाही तिची स्वतःची चूक असते, आणि ती धरून ती उरलेल्या शंभरावर पैज लावायला तयार नव्हती.

“मंग यंदाचं काय?” मक्तेदारानं विचारलं.

“यंदाचं असंच लिहून ठेवू. शंभराचा फरक दिसतो, त्यातला किती खाराचा न् किती मापाचा, कळत नाही. रोजी कापू नका.”

मक्तेदारानं कुरकुर केली, पण पूर्वेच्या बायांची रोजी कापली गेली नाही. उलट शिगेपायी बुडालेले पैसेही त्यांना मिळाले. पायलीभराहून कमी खार आणणाऱ्या बायांची नावं निरंकच्या जागी नव्यानं लिहिली गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिन्ही मापारी दर आठ दिवसांनी चौथरे बदलत होते. पश्चिमेचा पोरगा पायली दुपारीही धुवायला लागला होता. उत्तरेचा म्हातारा प्रत्येक ढीग दोनदा मोजायचा आणि त्यावरून बाया त्याला हसायच्या. सुनेनं डल्ल्याची आणि भुसकीची अशा दोन वेगळ्या गोण्या केल्या होत्या. शिगेनं मोजणाऱ्याला कुणी शीग सोडायला सांगितली नाही. त्याच्या पानावर वर लिहिलेलं असायचं: मिसळ १८ ला २०, डल्ला १७ ला २०.

हंगामाच्या शेवटी पूर्वेचा खार पश्चिमेपेक्षा ४० पायल्यांनी कमी भरला. सुनेनं ४० लिहिलं आणि शेजारी लिहिलं: १५ इकडे किंवा १५ तिकडे.

मक्तेदारानं वही जवळ ओढली. “म्हंजे पूर्वेले खरंच कमी येतो तं!”

“येतो. कमीत कमी पंचवीस.”

“न् बाया कामचोर नाई?”

“ते या वहीत नाही, मामाजी. या वहीत फक्त खार हाये.”